मीम कळतं म्हणजे नेमकं काय कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटासाठी मी जाहिरातींचा मराठी मजकूर लिहिते आणि रात्री जेवणं आटोपली की एक छोटंसं मराठी मीम पेज चालवते. त्यामुळे कॉलेजातल्या कार्यशाळेपासून कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे मला तेच ते प्रश्न येतात. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते आहे. क्रम माझ्या सोयीचा आहे. घाई असलेल्यांनी तिसरा प्रश्न वाचावा आणि निघावं.

मीम म्हणजे नक्की काय? कुठल्याही विनोदी फोटोला मीम म्हणायचं का?

नाही. विनोदी फोटो म्हणजे एक मोदक, मीम म्हणजे मोदकाचा साचा. फोटो बघून आपण हसतो आणि पुढे जातो. मीम बघून वाटतं, अरे, यात माझंही सारण भरता येईल.

एक उदाहरण बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मुलगा प्रेयसीचा हात धरून रस्त्याने चाललाय आणि मान वळवून शेजारून गेलेल्या दुसऱ्याच मुलीकडे बघतोय. प्रेयसीचा चेहरा बघण्यासारखा झालाय. आंतोनिओ गिएम या स्पॅनिश छायाचित्रकाराने २०१५ मध्ये जिरोना शहरात काढलेला हा फोटो. जाहिरातवाल्यांनी पैसे भरून वापरावा असा साधा स्टॉक फोटो होता तो. २०१७ मध्ये लोकांनी त्या तिघांच्या अंगावर शब्द चिकटवायला सुरुवात केली आणि फोटोचा साचा झाला.

आता आपलं सारण. मुलगा : 'पुणेकर'. हात धरलेली प्रेयसी : 'लाल सिग्नल'. वळून पाहिलेली मुलगी : 'रिकामा फुटपाथ'. झालं. पाच शब्द, क्रियापद एकही नाही. क्रियापद फोटोत आहे.

हा शब्द आला कुठून? 'मेमे' म्हणायचं की 'मीम'?

मीम. मेमे शेळी करते.

रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हा शब्द घडवला. ग्रीकमधल्या 'मिमेमा', म्हणजे नक्कल केलेली गोष्ट, या शब्दाला कात्री लावून त्यांनी तो 'जीन'शी यमक जुळेल असा केला. सुरावट, म्हण, कपड्यांची फॅशन एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात कशी उडी मारते, हे त्यांना सांगायचं होतं. इंटरनेटशी तेव्हा काही संबंध नव्हता. तो जोडला माइक गॉडविन या अमेरिकी वकिलाने, १९९४ मध्ये. मराठीत मी 'ते मीम' म्हणते, माझी भाची 'ती मीम' म्हणते. हा वाद घरात अजून मिटलेला नाही.

एवढ्याशा चित्रात इतका अर्थ मावतो कसा?

मावत नाहीच. अर्थ बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच पडलेला असतो. मीम त्याला फक्त कोपराने ढोसतं.

शाळेत व्याकरणाच्या तासाला शब्दशक्ती शिकवल्या होत्या, आठवतंय? अभिधा, लक्षणा, व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. 'घरावरून हत्ती गेला' म्हटलं की हत्ती कौलांवरून चालला नाही, घरासमोरच्या रस्त्याने गेला, हे ओळखणं ती लक्षणा. आणि 'समाजातले असले साप ठेचलेच पाहिजेत' यात साप हा शब्द जागेवर राहून भलत्याच प्राण्याकडे बोट दाखवतो, ती व्यंजना. आम्ही हे दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो. मीम पेज चालवायला लागल्यावर मला ते पान पुन्हा उघडावं लागलं.

अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त एक वाक्य घेतलंय : सूर्य मावळला. बस, एवढंच. मग तो सांगतो की हेच वाक्य ऐकून कुणाला वाटेल, शत्रूवर चालून जायची वेळ झाली. कुणाला वाटेल, काम थांबवूया. गुराख्याला कळेल, गाई आत घ्यायच्या. दुकानदार माल आवरायला लागेल. जिला प्रियकराला भेटायला जायचंय ती उठेल, आणि जिचा अजून आलेला नाही ती मनात खट्टू होईल. वाक्य तेच. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, वेळ कुठली, यावर अर्थ फिरतो. हजार वर्षांपूर्वी या माणसाने मीमचं सगळं गणित मांडून ठेवलंय. मी कार्यशाळेत हे सांगते तेव्हा मुलं माना खाली घालून फोन बघत असतात, ते वेगळं.

माझ्या पेजवरचं एक मीम घ्या. चहाचा कप दोन्ही हातांत धरून शून्यात बघणारी बाई. वर ओळ : 'पाहुणे चार दिवसांसाठीच आले होते.' अभिधेने बघितलं तर ही नुसती माहिती आहे. सगळं काम 'साठीच' मधला 'च' आणि शेवटचं 'होते' करतात. पाहुणे गेलेले नाहीत हे मी कुठेही लिहिलेलं नाही. आज कितवा दिवस आहे तेही नाही. ती संख्या ज्याने त्याने आपापल्या घरची भरली. एका बाईंनी खाली लिहिलं, 'एकोणीस.' नुसतं एवढंच. त्या एका शब्दाला मूळ मीमपेक्षा जास्त लाइक मिळाले, आणि ते योग्यच होतं.

चित्र काय काम करतं आणि मजकूर काय?

साधारणपणे प्रसंग मजकूर सांगतो आणि चेहरा मत सांगतो. दोघांनी एकच गोष्ट सांगितली की मीम मेलं. रडणाऱ्या माणसाच्या फोटोवर 'मला खूप वाईट वाटलं' लिहिलं तर ते शोकपत्र होतं. त्याच फोटोवर 'शेवटची साबुदाणा वडी दुसऱ्याने उचलली' लिहा. आता चित्र आणि ओळ यांच्यात एक फट पडली. बघणारा त्या फटीत शिरतो.

जुन्या मीममध्ये वरची ओळ दोरी ताणायची आणि खालची सोडायची. अक्षरं पांढरी, जाड, काळ्या काठाची, म्हणजे मागे बर्फ असो की डांबर, वाचता येतात. तो 'इम्पॅक्ट' नावाचा टाइप जेफ्री ली या ब्रिटिश डिझायनरने १९६५ मध्ये काढला होता. देवनागरीत मात्र ही युक्ती पुरती फसते. काठ जाड केला की 'घ' आणि 'ध' सारखेच दिसायला लागतात, अनुस्वार शिरोरेषेत बुडतो आणि वरच्या मात्रा चौकटीबाहेर जाऊन कापल्या जातात. काही अ‍ॅपमध्ये तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त लोंबत राहतो. 'विद्यार्थी' हा शब्द असा मोडलेला बघितला की विनोद राहतो बाजूला, वाचणारा आधी शुद्धलेखन तपासायला घेतो. विशेषतः आमच्याकडे.

पुणेरी पाटीला मीम म्हणता येईल का?

माझ्या मते ती मीमची थोरली बहीण आहे. (मुंबईकरांनी हरकत घ्यावी. उत्तर मिळणार नाही.)

पाटीची रचना बघा. 'येथे गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल. भरून दिली जाणार नाही.' पहिलं वाक्य भारतातल्या कुठल्याही फाटकावर सापडेल. दुसऱ्यात धमकी आहे, तीही कर्मणी प्रयोगात, म्हणजे हवा सोडणारा हात दिसत नाही. पाटी पाटी होते ती तिसऱ्या वाक्याने. हवा भरून द्या असं कोणीही म्हटलेलं नव्हतं. पण पाटी लिहिणाऱ्याने मनातल्या मनात त्या गाडीवाल्याशी पूर्ण भांडण केलंय, त्याची विनंतीही ऐकलीय आणि ती फेटाळूनही लावलीय. आपण वाचतो तो त्या भांडणाचा शेवटचा तुकडा. आधीचा भाग आपण रचतो. वरच्या पाहुण्यांच्या मीममध्ये जी फट होती तीच ही.

शिवाय पाटीचा साचा ठरलेला आहे : फळा, नीटस अक्षर, 'कृपया' किंवा मुद्दाम गाळलेलं 'कृपया', आणि सौजन्याच्या पोटात लपवलेला चिमटा. साचा इतका पक्का की आता सदाशिव पेठेत पाऊलही न टाकलेली मुलं फोनवर खोट्या पाट्या बनवतात आणि त्या खऱ्या म्हणून फिरतात. खरी कुठली हे ओळखायची माझी एक खूण आहे. खऱ्या पाटीला खरंच काहीतरी हवं असतं. खोटीला फक्त शेअर हवे असतात.

दुपारी १ ते ४ चा विनोदही असाच. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, बातम्याही आल्या, पण विनोद तसाच चालू आहे. मीमला वस्तुस्थिती लागत नाही, सगळ्यांना माहीत असलेली समजूत पुरते. यात एक अडचणही आहे. वर्षानुवर्षं तोच साचा फिरला की पुण्यातला कोणीही साधं 'नाही' म्हणाला तरी समोरचा त्यात टोमणा शोधतो. माझ्या दिल्लीच्या क्लायंटला मी एकदा 'जमणार नाही' लिहिलं, तर त्याने हसण्याचा इमोजी पाठवला. खरंच जमणार नव्हतं.

मराठी मीममध्ये सारखे जुन्या सिनेमातलेच प्रसंग का?

'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ चा सिनेमा. त्यात दारात उभं राहून पत्ता विचारणारी एक ओळ आहे. ती ओळ मी इथे लिहीत नाहीये.

आली ना डोक्यात? आवाजासकट?

हेच उत्तर. मीमला सामायिक साठा लागतो, आणि मराठी घरांत तो साठा टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागणाऱ्या मोजक्या सिनेमांनी भरलाय. नवा सिनेमा चांगला असतो, पण आजी, आई आणि भाची या तिघींनाही तो पाठ नसतो. लॉ कॉलेज रोडवर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे रिळं जपतात. प्रसंग जपायचं काम मात्र मीमवाल्यांनी अंगावर घेतलंय, बिनपगारी. काही पोरांनी तर अख्खा सिनेमा पाहिलेलाच नाही. त्यांना फक्त चेहरा आणि त्याचा उपयोग माहीत आहे, जशी म्हण येते पण तिची गोष्ट येत नाही.

आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना मीम का कळत नाही?

कळत नाही असं नाही, ते अभिधेने वाचतात. आणि कधीकधी त्याने फायदाही होतो.

आमच्या सोसायटीची गोष्ट सांगते. दोन उन्हाळ्यांपूर्वी सलग तीन दिवस पाणी नव्हतं. ग्रुपवर मात्र सकाळी सहापासून सुविचार, गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. मी एक मीम टाकलं : आग लागलेल्या खोलीत टेबलाशी शांत बसलेला कुत्रा, पुढे कप, चेहऱ्यावर स्मित. के. सी. ग्रीन या अमेरिकी चित्रकाराने २०१३ मध्ये काढलेल्या कॉमिकमधला तो कुत्रा जगभर 'सगळं जळतंय आणि आपण ठीक आहे म्हणतोय' या अर्थाने वापरतात. वर मी लिहिलं, 'पाणी आलं नाही, पण सुप्रभात आलं.'

चार मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर : 'आग कुठल्या विंगला? १०१ ला फोन केला का? कुत्र्याला आधी बाहेर काढा.' मी टाइप करेपर्यंत ते जिन्याने खाली आलेसुद्धा. निवृत्त इंजिनिअर माणूस, लिफ्ट वापरायची नाही हे त्यांना माहीत होतं. खाली आल्यावर त्यांनी भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं काढून बघितलं. त्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती. पुढच्या आठवड्यात सहा नवी नळकांडी आली. माझं मीम समितीच्या इतिवृत्तात 'सभासदाने दिलेली सूचना' म्हणून नोंदवलं गेलं.

मला ओशाळल्यासारखं झालं, पण हा गोंधळ काकांच्या वयाचा नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकवाल्यांच्या फलकावर एकाने गमतीत लिहिलं की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय आणि आगीने थोडं नुकसानही झालंय. काहींना ते खरंच वाटलं. तेव्हा गंमत ओळखायची खूण हवी अशी चर्चा निघाली, आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस मिळून होणारा हसरा चेहरा सुचवला. तेही आग आणि लिफ्टच! फरक इतकाच की तिथे सगळे संगणकातले जाणकार होते.

खुणाही वर्षावर्षाला फिरतात. हसून अश्रू आलेल्या चेहऱ्याला ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी २०१५ चा 'वर्षाचा शब्द' ठरवलं. आज माझी भाची म्हणते, तो चेहरा फक्त मावश्या वापरतात. ती हसण्यासाठी कवटी पाठवते. माझ्या आईने ती कवटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, 'कोण गेलं गं?'

मीम समजावून सांगितलं की मजा का जाते?

फट बुजते म्हणून. (तरी मी इथे पानंच्या पानं तेच करतेय.)

एखाद्याला मीम पाठवणं म्हणजे नक्की काय बोलणं?

विनोद पाठवणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम. भाची हॉस्टेलवर असताना आठवड्यातून दोनदा तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, कारल्याच्या भाजीवरचं मीम पाठवायची. तिला कारलं आवडत नाही. मीमचा अर्थ होता, आठवण येतेय. 'आठवण येतेय' असं लिहिलं असतं तर ताई रडत बसली असती आणि मग फोन, मग 'जेवतेस ना नीट', मग दोघी. कारल्याने ते टाळलं. ताईही उत्तरादाखल फक्त कढईचा फोटो पाठवायची.

दुसरं टोक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस. 'काही लोक गरजेपुरतेच आठवण काढतात', सोबत सिंहाचा फोटो. हे शंभर जणांना दिसतं आणि एकाच माणसासाठी असतं. याला आपल्याकडे जुनं नाव आहे : लेकी बोले, सुने लागे. मजा अशी की ज्याला लागावं म्हणून टाकलं तो बघतच नाही, आणि भलतेच सात जण 'हे माझ्यावर आहे का?' म्हणून रात्रभर तळमळतात. सिंहाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही.

आणि 'हे बघ, तूच!' म्हणून एखाद्याला टॅग करणं. तोंडावर 'तू आळशी आहेस' म्हणता येत नाही. मीमच्या आडून म्हणता येतं, आणि समोरचा चिडला तर 'मी नाही, मीम म्हणालं' म्हणून मागे सरकायलाही जागा राहते. ऑफिसमध्ये साहेबांबद्दल जे काही बोललं जातं ते सगळं याच जागेत उभं राहून.

एकच मीम एकाला टोमणा आणि दुसऱ्याला कौतुक कसं वाटतं?

मीमचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठातल्या लिमोर शिफमन यांचं नाव मोठं. त्या मीमचे तीन पदर सांगतात : आशय, रूप आणि पवित्रा. पवित्रा म्हणजे सांगणारा त्या गोष्टीच्या कुठल्या बाजूला उभा आहे. भांडणं बहुतेक वेळा या तिसऱ्यावरूनच होतात.

'हिंजवडीहून सहाला निघालो, घरी आठला' ही ओळ आयटीतल्या पोराने टाकली तर हुंदका. मुंबईच्या मित्राने टाकली तर चिडवणं. हिंजवडीत फ्लॅट विकणाऱ्याने टाकली तर जाहिरात. आशय आणि रूप जसंच्या तसं.

मराठीत पवित्रा दाखवायचं सोपं हत्यार म्हणजे बोली. उशिरा आलेल्याला पुणेरी मीम म्हणेल, 'आलात? वेळेवर आलात. उद्याच्या.' कोल्हापुरी म्हणेल, 'काय भावा, झोप झाली न्हवं?' नागपुरी म्हणेल, 'काहून बे, येवढा उशीर?' तिन्हींत रागाचं तापमान वेगळं आहे, आणि सगळ्यात थंड वाक्य सगळ्यात जास्त भाजतं. पण इथे एक गोष्ट मला खुपते. कोल्हापूरचा माणूस कोल्हापुरीत मीम करतो तेव्हा तो बोलीत हसतो. पेठेतला माणूस ग्रामीण बोली वापरून फक्त अडाणी पात्र रंगवतो तेव्हा तो बोलीला हसतो. माझ्या पेजवर असली मीम येतात, मी ती लावत नाही. 'तुम्हाला विनोदबुद्धी नाही' असं मला ऐकवलं जातं. असेल.

मीमचा अर्थ काळाप्रमाणे बदलतो का? मूळ निर्मात्याचं काही चालतं का?

बदलतो, आणि निर्मात्याचं फारसं चालत नाही. मॅट फ्युरी यांनी २००५ मध्ये पेपे नावाचा एक सुस्त, निरुपद्रवी बेडूक कॉमिकमध्ये आणला. इंटरनेटवर तो आधी उदास, मग खवचट झाला, आणि पुढे अमेरिकेतल्या वंशद्वेष्ट्यांनी त्याला उचललं. इतकं की २०१६ मध्ये तिथल्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने पेपेच्या तशा रूपांची नोंद द्वेषचिन्हांत केली. तीनच वर्षांनी, २०१९ मध्ये, हाँगकाँगमधल्या लोकशाहीवादी आंदोलकांनी तोच बेडूक आपली खूण म्हणून भिंतींवर रंगवला. तिथे त्याला तो अमेरिकी इतिहास चिकटलेलाच नव्हता. एकच बेडूक, पण 'सूर्य मावळला' ऐकणारे वेगळे.

सगळ्यांचं नशीब इतकं वाईट नसतं. जपानमधल्या काबोसु नावाच्या शिबा इनू कुत्रीचा तिरक्या नजरेचा फोटो तिच्या मालकिणीने २०१० मध्ये टाकला. त्याचं 'डोज' मीम झालं, २०१३ मध्ये त्यावर गंमत म्हणून डोजकॉइन हे चलन निघालं आणि गमतीत निघालेल्या चलनात लोकांनी गंभीरपणे पैसे घातले. काबोसु २०२४ च्या मे महिन्यात गेली. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

मीम कधी मरतं?

बँकेच्या जाहिरातीत दिसलं की. मी स्वतः अशी काही मारली आहेत, पोटासाठी. पोलीस खात्याला मात्र मी सूट देते. मुंबई आणि पुणे पोलीस हेल्मेटपासून ओटीपीपर्यंत सगळं मीममधून सांगतात आणि अधूनमधून खरंच हसवतात.

मीममधून खोटी माहिती पसरते, ती कशी ओळखायची?

मीमची गोची अशी की ते दावा करतच नाही. 'अमुक भागातले लोक असे असतात' असं लिहिलं तर कोणी पुरावा मागेल. तेच चित्रातून सुचवलं तर पुरावा मागणारा मूर्ख ठरतो : 'अहो, गंमत आहे.' व्यंजनेची ही काळी बाजू. सुचवलेलं खोडून काढता येत नाही, कारण ते वाचणाऱ्याने स्वतःच पूर्ण केलेलं असतं आणि स्वतःचं मत कोण खोडतो?

संदर्भ कापला की काय होतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात वाईट उदाहरण मीम नाही, व्हिडिओ आहे. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा देशभर फिरत होत्या. तेव्हा फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करायला बनवलेला होता. शेवटी मूल परत आणून देतात आणि संदेश येतो, तो भाग कोणीतरी कापून टाकला. उरलं फक्त अपहरण. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये फार फिरलेल्या मजकुरासाठी ती एका चॅटवर आणली. दोन बाण दिसले की तो मजकूर अनेक हातांतून आलाय. माझा नियम साधा आहे : हसण्याआधी विचारते, यातलं कापलेलं काय असेल?

कायद्याने अडचण येऊ शकते का?

येऊ शकते. मी वकील नाही, पण कार्यशाळेत सांगते ते इतकंच : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मीम हा शब्द नाही. कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची सूट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, पण अब्रूनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहेच. आणि वर्गातल्या मुलाचा, शेजारणीचा, रस्त्यावर पडलेल्या माणसाचा फोटो साचा म्हणून वापरू नका. कायदा राहू द्या बाजूला, त्याने फोटो दिलेला नाही.

मला चांगलं मीम बनवायचंय. सुरुवात कुठून करू?

खोडरबरापासून. मागच्या जूनचं माझं एक मीम कसं झालं ते दाखवते. फोटो : सिग्नलला स्कूटरवर नखशिखान्त भिजलेला माणूस, चेहऱ्यावर साधूची शांती (माझ्याच भावाचा, परवानगीने).

पहिली ओळ लिहिली : 'पाऊस येईल असं वाटत नव्हतं, म्हणून रेनकोट घातला नाही, आणि आता भिजल्यावर घालून काय उपयोग.' हे पत्र झालं. दुसरी : 'आता रेनकोट घालून काय उपयोग.' बरी होती, पण खंत माणसाच्या तोंडून वदवली होती आणि चेहरा तर शांत. दोघांचं पटेना. तिसरी : 'रेनकोट आहे माझ्याकडे.' जवळ आले. मग कळलं की रेनकोट कुठे आहे ते सांगायला हवं आणि बाकी काहीच नको.

'रेनकोट डिकीत आहे.'

तीन शब्द. ज्याने पुण्यात दुचाकी चालवलीय त्याला पुढचं सगळं माहीत आहे : दोन मिनिटांत थांबेल असं वाटणं, मग पूल ओलांडल्यावर घालू म्हणणं, मग पूल, मग आता घर आलंच की. यातलं मी काही लिहिलेलं नाही. ठाण्याच्या एका वाचकाने विचारलं, 'मग घातला का नाही?' त्याला समजावत बसले नाही. ते मीम त्याच्यासाठी नव्हतंच.

तुमच्या सोसायटीतल्या त्या काकांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न कार्यशाळेत दर वेळी येतो, म्हणून लिहिते. काकांनी त्या कुत्र्याचा फोटो जपून ठेवला होता. गेल्या महिन्यात सोसायटीची टाकी धुवायला काढली, नऊला येणारं पाणी अकरा वाजले तरी नाही. ग्रुपवर काकांचा मेसेज आला : आगीत बसलेला कुत्रा. खाली एक अक्षर नाही.

दोन मिनिटांत बारा जणांनी कवटी टाकली. बी विंगला नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंनी विचारलं, 'आग कुठे लागली आहे?'

काकांनी ते वाचलंच असणार. उत्तर मात्र दिलं नाही. पाणी साडेबाराला आलं.